आप्पांच्या चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलला, आणि दुखणं निघालं पडद्याचं

केळीबाग | ९ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, रावेर तालुक्यातून लिहितोय. पोस्ट मोठी होईल, पण वाचा, कारण घरात दोन दिवस यावरून बोलणं बंद आहे.

आप्पा ६३ वर्षांचे. शुगर १२ वर्षांपासून, बीपी सात-आठ वर्षांपासून. गोळ्या चालू असतात, तपासणी मात्र "काही होतंय का? मग कशाला" या हिशोबाने. मागच्या जूनपासून म्हणायला लागले की अक्षर फिरतं. तालुक्याला चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, चष्मा केला. महिन्याभरात तो लागेना. ऑक्टोबरात दुसरा केला, तोही लागेना. दुकानदार म्हणाला, वय झालं, मोतीबिंदू येत असेल, पिकू द्या. आम्हालाही ते पटलं.

मग नोव्हेंबरात केळीच्या बागेत करपा (पानं वाळवणारा रोग) आला. आमच्याकडे करपा आधी आप्पांनाच दिसतो. खालच्या पानावर शिरांच्या कडेने पिवळट बारीक रेघा आल्या की ते बांधावरूनच ओळखतात आणि मजूर यायच्या आत पान कापायला लावतात. या वेळी पान वाळायला लागलं तरी ते गप्प. मी पान तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडाजवळ नेलं, मग डावीकडे धरलं, मग उजवीकडे, आणि म्हणाले, "मधी दिसतच नही रे, कडाकडाचं दिसतं."

त्या दिवशी मी घाबरलो. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्याच्या आतला मागचा पडदा पाहिला, मशीनवर डोळ्याचा फोटो आणि स्कॅन काढला. मोतीबिंदू अगदी कोवळा आहे. खरा आजार पडद्याचा. शुगरमुळे दोन्ही डोळ्यांत रक्तवाहिन्या झिरपताहेत आणि उजव्या डोळ्यात बरोबर मध्यभागी सूज आहे. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीए१सी चाचणी) ९.४ टक्के निघाली आणि बीपी १६८/९६. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आधी दर महिन्याला एक, पुढचं नंतर ठरवू.

"डोळ्यात सुई" ऐकलं आणि आप्पा उठून बाहेर गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून एकच वाक्य, "मले काही झालं नही, नंबर चुकला आहे." आई रडते. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी खरं सांगा. या इंजेक्शनांनी दिसतं का? की आम्ही उशीर केला?

---

तापीकाठ | ९ जानेवारी, रात्री ११.०५

आमच्या वडिलांचं अगदी हेच चाललंय, दुसरा चष्मा परवाच आणला. दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. उद्याच नेतो.

---

भुसावळकर | १० जानेवारी, सकाळी ६.२०

केळीबाग, मी रेल्वेतून निवृत्त झालो, गाडी चालवणारा माणूस. आमच्या नोकरीत डोळ्यावर सगळी भाकरी. ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते आणि वय वाढलं की ती लवकर लवकर होते.

मला शुगर लागून सहा वर्षं झाली होती. सिग्नल लख्ख दिसायचे, पेपर चष्म्याने वाचत होतो, कसलाच त्रास नव्हता. २००९ च्या तपासणीत डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा पाहिला आणि म्हणाले, नवीन कच्च्या रक्तवाहिन्या फुटताहेत, लेझर करून घ्या. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, साहेब, मला सगळं दिसतंय आणि तुम्ही डोळा जाळायला निघालात! त्यांनी कागदावर गोल काढला, त्यात बारीक रेघा मारल्या आणि समजावलं की या वाहिन्या फुटल्या तर डोळ्यात रक्त भरेल आणि एका रात्रीत अंधार होईल.

दोन्ही डोळ्यांना तीन-चार बैठकींत लेझर झालं. चमकतं, थोडं टोचल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी घरी. आज १५ वर्षांहून जास्त झाली, पेपर वाचतो. नुकसान झालं ते सांगतो. अंधारात कमी दिसतं, आजूबाजूचं पूर्वीइतकं दिसत नाही. गाडीवरून उतरवून मला दुसरं काम दिलं, ते मनाला लागलं. पण नातीचा चेहरा दिसतो.

माझ्या बॅचच्या एकाने तेव्हा नको म्हटलं. त्याचं मी इथे लिहीत नाही.

आप्पांना माझा नंबर द्या. आमच्यासारख्याचं ते ऐकतील.

---

गिरणाकाठ | १० जानेवारी, सकाळी ९.१५

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या काकांना असंच डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि आज त्यांना त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळतो. आधी काठी घेऊन का होईना, शेतात जात होते. इंजेक्शन कॅन्सरचं असतं हे कुणी सांगत नाही. शुगर कमी करा, कडू खा, शेवग्याचा पाला खा, डोळा आपोआप सुधारेल. सुईची घाई करू नका.

---

पुण्यातला_खान्देशी | १० जानेवारी, सकाळी ९.४०

शेवग्याचा पाला चांगलाच, पण त्याने पडद्यावरची सूज उतरते का? कुणी जाणकार सांगेल का? माझी आई चोपड्याला एकटी असते. ती डोळ्यात मध घालते आणि मी फोनवरून ओरडतो. मलाही नीट माहिती हवी आहे.

---

नेत्रवैद्य_धुळे | १० जानेवारी, दुपारी २.३०

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. ओपीडी संपली, आता सविस्तर लिहिते. केळीबागदादा, आप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी चष्म्याचं. रक्तात शुगर चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरून फुगतं आणि नंबर बदलतो. शुगर उतरली की भिंग पुन्हा मूळ आकारावर येऊ लागतं. म्हणून शुगर हलत असताना केलेला चष्मा महिन्यात बिनकामाचा ठरतो. निदान काही आठवडे शुगर स्थिर राहू द्यावी, मगच नंबर काढावा. सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलला तेव्हाच कुणीतरी शुगर विचारायला हवी होती. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गोष्टी अशाच सुरू होतात.

आता पडदा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे फुगवटे येतात, कुठे पाणी आणि चरबी झिरपते. हे बरोबर मध्यबिंदूवर झालं तर चेहरा, अक्षर, सुईचं नाकं दिसेनासं होतं, पण कडेचं दिसत राहतं. आप्पांनी पान डावीकडे-उजवीकडे का धरलं ते यात आलं. दुसरा प्रकार भुसावळकरकाकांचा. वाहिन्या बंद पडतात, पडद्याला रक्त कमी मिळतं, मग डोळा घाईघाईने नव्या वाहिन्या काढतो. त्या कच्च्या असतात, फुटतात. या प्रकारात फुटेपर्यंत पेशंटला अगदी नीट दिसत असू शकतं. म्हणून प्रौढपणी लागलेल्या मधुमेहात ज्या दिवशी शुगर सापडली त्या दिवसापासून वर्षातून एकदा पडदा तपासायचा. लहान वयात इन्सुलिन लागलेल्यांनी निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरू करायचं. बाई गरोदर राहिली आणि आधीपासून शुगर असेल तर पहिल्याच तिमाहीत.

बीपी यात आगीत तेल ओततं. १९९८ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. मधुमेही लोकांचे दोन गट, एकाचं बीपी सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्याचं १४४/८२. फरक फक्त १० चा. पण दुसऱ्या गटात पडद्याचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं. आप्पांचं १६८ आहे. डोळ्याचा उपचार करताना ते तसंच राहिलं तर सूज पुन्हा पुन्हा येऊ शकते.

गिरणाकाठदादा, तुमच्या काकांबद्दल ऐकून वाईट वाटलं. एक विचारू का? इंजेक्शन देण्याआधी त्यांना किती दिसत होतं, आणि ठरलेली सगळी इंजेक्शनं झाली होती का? हे दोष काढायला विचारत नाही. उत्तरावर खूप अवलंबून आहे.

कॅन्सरच्या औषधाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, ते लपवण्यासारखं नाही. बेव्हॅसिझुमॅब हे आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध. नव्या वाहिन्या उगवायला सांगणारा जो संदेश शरीरात फिरतो, तो ते अडवतं. डोळ्यातही तोच संदेश सूज आणतो. म्हणून त्याचा अगदी लहानसा डोस डोळ्यात वापरतात. स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही खास डोळ्यासाठीची औषधं, पण महाग. कोणतं घ्यायचं ते सूज, नजर आणि खिसा तिन्ही पाहून ठरतं. नुकताच हार्ट ॲटॅक किंवा लकवा झाला असेल तर आधी सांगायचं.

पुण्यातले दादा, मध डोळ्यात नको. घरच्या मधात जंतू असू शकतात. आईंना प्रेमाने सांगा, ओरडू नका.

---

शिरपूरची_माई | १० जानेवारी, दुपारी ४.१०

डॉक्टरबाई, बीपीचं लिहिलं बरं झालं, सगळे शुगरचंच बोलतात. आमच्या घरात शुगर कुणालाच नाही.

आमचे हे दोन वर्षांपूर्वी पहाटे उठले आणि अंगणातून हाक मारली, "मन्हा डोयाम्होरे काया पडदा उना व." म्हणजे माझ्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. मला वाटलं झोपेत आहेत. उजवा डोळा झाकला की डाव्याने वरचं दिसेना. मला बघत होते तर माझे पाय दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. दुखत काही नव्हतं. दवाखान्यात बीपी १९०/११० निघालं. बीपीच्या गोळ्या त्यांनी तीन महिन्यांपासून बंद केल्या होत्या, का तर मागच्या वेळी मोजलं तेव्हा "नॉर्मल" आलं होतं. गोळीमुळेच नॉर्मल आलं होतं, हे आम्हाला कुणाला सुचलं नाही. पडद्याच्या शिरेत गुठळी अडकली होती. त्यांनाही इंजेक्शनंच दिली, सहा झाली. आता तोंड दिसतं, थोडं धुरकट.

आणि बायांनो, बिबड्या आणि पापड. उन्हाळ्यात आपण बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड घालतो, डबे भरून ठेवतो, आणि मग जेवताना रोज दोन. खारातलं लिंबू वेगळं. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, सगळ्या पदार्थांचं मिळून. मी आता बिबड्यांत मीठ निम्मं टाकते. पहिल्या वर्षी सासूबाई बोलल्या. आता त्याच चवीची सवय झाली.

---

नेत्रवैद्य_धुळे | १० जानेवारी, सायंकाळी ७.५०

माई, तुमच्या घरचा प्रसंग अगदी नेमका लिहिलात. त्याला जोडून तातडीचं एवढंच. अचानक, न दुखता एका डोळ्याची नजर गेली, मिनिटभरासाठी जाऊन परत आली तरी, थांबायचं नाही. कधी शिरेऐवजी धमनीत अडथळा असतो, तो मेंदूच्या झटक्यासारखाच डोळ्याचा झटका. त्यात तास मोजायचे असतात. मोठ्या रुग्णालयात जायचं, मेंदूची आणि हृदयाचीही तपासणी होते. "सकाळी बघू" म्हणून डोळा गेलेले लोक मी पाहिले आहेत. तसंच बीपी १८०/१२० च्या पुढे आणि सोबत डोकं ठणकणं, धूसर दिसणं असेल तर तीही तातडी.

काळे ठिपके, जाळं, काजवे एकदम वाढले तरी त्याच दिवशी दाखवा.

---

पुण्यातला_खान्देशी | १० जानेवारी, रात्री ९.००

बीपीच्या मिठाचं ऐकून माझा हिवाळा उदास झाला. बामणोदची हिरवी वांगी, काडीकचऱ्यावर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी आणि वर कच्चं तेल. डॉक्टर, एवढं तरी राहू द्या!

---

शिरपूरची_माई | १० जानेवारी, रात्री ९.१२

भरीत खा, बाळा. वांग्याने काय होतं? तेलाचं भांडं दूर ठेव आणि सोबत पुऱ्या नको.

---

सातपुड्याची_आशा | ११ जानेवारी, दुपारी १.००

मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातल्या पाड्यांवर आशा म्हणून काम करते. इथे रेंज येते तेव्हा वाचते. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) आम्ही घरी जाऊन भरतो. त्यात डोळ्याने धूसर दिसतं का, हेही विचारायचं असतं. लोक म्हणतात "उन्हाने दिसत नाही". मग बीपी मोजलं तर वर असतं, आणि त्यांना आयुष्यात कधी मोजलेलं नसतं.

माझी गोष्ट गरोदर बाईची आहे. सातव्या महिन्यातल्या एकीने पाण्याचा हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात. पाय सुजलेले, डोकं दुखत होतं. मी बीपी घेतलं, १६०/१०० होतं. गाडी बोलावली, रुग्णालयात पाठवलं. बाळ लवकर जन्माला आलं पण दोघं वाचली, बाईची नजर नंतर पूर्ण परत आली. गरोदरपणात बीपी १४०/९० ला गेलं आणि दिसण्यात काही फरक वाटला, तर घरच्यांनी "अशक्तपणा आहे" म्हणून झोपवून ठेवू नका. एवढं सांगायचं होतं.

---

मास्तर_अमळनेर | ११ जानेवारी, सायंकाळी ६.१५

शाळेत होतो तेव्हा मुलांचे डोळे तपासायचो, मोठ्यांचे कोण तपासणार? मी घरात एक करतो. दर रविवारी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर नेहमीच्या जागी, चष्मा लावून उभा राहतो. आधी डावा डोळा तळहाताने झाकतो आणि उजव्याने तारखांच्या चौकटी बघतो. मग उलट. चौकटीची रेघ वाकडी दिसली, मध्ये डाग दिसला, किंवा दोन डोळ्यांत फरक वाटला तर दाखवायचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकतो, म्हणून आपल्याला सहा-सहा महिने कळत नाही. यातूनच माझ्या पत्नीच्या डाव्या डोळ्यातला बिघाड सापडला. तिला खिडकीचे गज लाटेसारखे दिसत होते आणि ती म्हणत होती खिडकी जुनी झाली.

---

नेत्रवैद्य_धुळे | ११ जानेवारी, रात्री ८.३०

मास्तर, फार छान सवय. फक्त हे वर्षाच्या तपासणीऐवजी नको, तिच्या जोडीला. लेझरची गरज असलेल्या आजारात कॅलेंडर शेवटपर्यंत सरळ दिसू शकतं.

---

तापीकाठ | १३ जानेवारी, रात्री ९.४५

वडिलांना नेऊन आणलं. थेंबांनी चार-पाच तास धुरकट दिसलं, उन्हात डोळे दिपत होते. बरं झालं मी गाडी चालवायला सोबत होतो. पडद्यावर बारीक ठिपके आहेत, सूज नाही. आत्ता काही करायचं नाही, शुगर-बीपी आणा आणि सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. लघवीतलं प्रथिन आणि किडनीची तपासणीही करायला लावली. म्हणाले, डोळ्याच्या आणि किडनीच्या वाहिन्या सारख्याच नाजूक, एकीकडे बिघाड दिसला की दुसरीकडे बघायचंच.

केळीबागदादा, तुमच्या पोस्टमुळे गेलो. आप्पांचं काय झालं?

---

केळीबाग | १४ जानेवारी, रात्री १०.१०

अजून नाही. भुसावळकरकाकांशी फोनवर अर्धा तास बोलले, ते पण गाड्यांबद्दलच जास्त. फोन ठेवल्यावर काही बोलले नाहीत. आज तिळगूळ वाटताना आईला म्हणाले, "मह्या हातावर अर्धाच दे." एवढंच काय ते.

---

गिरणाकाठ | १६ जानेवारी, सकाळी ८.०५

डॉक्टरताई, तुम्ही विचारलेलं मी काकूंना विचारलं, जुनी फाईलही पाहिली. काकांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच त्या डोळ्याने हाताची बोटं मोजता येत नव्हती. आत रक्त भरलेलं होतं. पाच इंजेक्शनं सांगितली होती, दोन झाली. नंतर कापसाचा हंगाम आला, पैसे अडकले, आणि काका आठ महिने गेलेच नाहीत. परत गेले तेव्हा पडदा सुटला होता. म्हणजे डोळा इंजेक्शनाने गेला असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो, ते तसं नव्हतं. गावात मी दोन जणांना घेऊ नका म्हणून सांगितलंय. त्यांच्या घरी आज जाणार आहे.

काकांचा दुसरा डोळा अजून चांगला आहे. त्याचं काय करता येईल?

---

नेत्रवैद्य_धुळे | १६ जानेवारी, दुपारी ३.००

दादा, आधी त्या दोन घरी जा, मग काकांना या आठवड्यात घेऊन या. दुसऱ्या डोळ्याची आत्ता तपासणी झाली तर लेझरने तो सांभाळता येण्याची चांगली शक्यता असते. योग्य वेळी केलेल्या लेझरने नजर पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ पासून सिद्ध आहे.

पैशांचं म्हणाल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जळगावला किंवा धुळ्याला, आधी दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. अर्धवट उपचार सोडण्यापेक्षा पहिल्याच दिवशी पैशांची अडचण डॉक्टरला सांगा. औषध बदलून देता येतं, लेझर करता येतं, काही ना काही निघतं.

शिबिरात मोतीबिंदू काढायला निघालेल्यांनाही सांगते. शुगर असेल तर आधी पडदा तपासून घ्या. पडद्याला सूज असताना घाईने ऑपरेशन केलं तर सूज वाढू शकते, आणि पट्टी काढल्यावर दिसलं नाही की माणूस ऑपरेशनला नावं ठेवतो.

---

जळगाव_कट्टा | १६ जानेवारी, रात्री १०.३०

मूळ प्रश्न रावेरचा, म्हणून विचारतो. केळी पिकवणाऱ्याने केळं खायचं की नाही?

---

नेत्रवैद्य_धुळे | १७ जानेवारी, सकाळी ७.१०

लहान केळं, फार न पिकलेलं, भूक लागली तेव्हा आणि जेवणावर नाही. शिकरण नाही. आपल्या डॉक्टरला विचारून.

---

भुसावळकर | १७ जानेवारी, सकाळी ७.१५

आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस?

---

शिरपूरची_माई | १७ जानेवारी, सकाळी ७.४०

एक वाटी, साखर न घालता, मांडा (मोठी पुरणपोळी) अर्धा. आमच्या घरी आता असंच. लेकी माहेरी येतात, झोका बांधतात, सगळं तेच राहतं.

---

केळीबाग | २३ मार्च, रात्री ९.२०

दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. कांदेबागेचं (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचं) काम आणि जळगावच्या फेऱ्या, दोन्ही सोबत होतं.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी आप्पा स्वतःच म्हणाले, चल. कारण विचारलं नाही मी. नंतर आईकडून कळलं की व्यापाऱ्याच्या माणसाने काट्यावर वजन वाचून दाखवलं आणि आप्पांना ते स्वतः वाचता आलं नाही. ४० वर्षं काट्यावरचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

इंजेक्शनाचं सांगतो, कारण भीती त्याचीच असते. बधिर करणारे थेंब दोन-तीनदा टाकले. आयोडीनने डोळा आणि पापण्या धुतल्या, तेवढं चुरचुरलं. पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावला. डॉक्टर म्हणाले वर बघा, आणि बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून सुई गेली. मी दारातून पाहत होतो, दहा सेकंदही नसतील. आप्पांनी विचारलं, "कव्हा देणार?" तेव्हा ते झालेलं होतं. दिवसभर डोळ्यात बुडबुडा तरंगल्यासारखं वाटलं, पांढऱ्यावर लाल डाग आला तो आठवड्यात गेला. काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, शेतातली धूळ टाळायची होती. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर रात्रीसुद्धा फोन करा, असं बजावलं होतं. तसं काही झालं नाही.

तीन झाली. तिसऱ्याच्या वेळी स्कॅनमध्ये सूज निम्म्यापेक्षा कमी होती. तक्त्यावर आधी उजव्या डोळ्याने वरचं एक मोठं अक्षर वाचत होते, आता चौथी ओळ वाचतात. पहिल्यासारखं नाही, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. उशीर थोडा झालाच. बीपी १३४/८२ वर आलंय, शुगरची सरासरी ७.८. फिजिशियनने शुगरची एक गोळी बदलली, जुन्या गोळीने अंगात पाणी साठतं म्हणाले आणि पडद्याची सूजही वाढू शकते. ती आम्ही आपल्या मनाने बंद केली नव्हती, त्यांना विचारूनच झालं.

नवा चष्मा अजून केलेला नाही. शुगर बसू दे, मे महिन्यात बघू, असं ठरलंय. जुने दोन चष्मे खुंटीवर आहेत.

काल सकाळी आप्पा बागेत गेले. मी पाणी सोडत होतो. त्यांनी हाक मारली, "इकडे ये, हे पान पाह्य." पानावर काहीच नव्हतं, मला वाटलं त्यांना चुकून दिसलं. त्यांनी बोट ठेवलं. पिवळट रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

---

भुसावळकर | २३ मार्च, रात्री ९.३५

वाचता वाचता चष्मा पुसावा लागला. आप्पांना म्हणा, आखाजीनंतर मी रावेरला येतो.

---

गिरणाकाठ | २३ मार्च, रात्री १०.००

काकांच्या दुसऱ्या डोळ्याला लेझर झालं, दोन बैठका झाल्या, एक राहिली. त्या दोन घरांपैकी एक जण तयार झाला. दुसऱ्याकडे पुन्हा जाणार आहे, या वेळी काकूंना सोबत घेऊन. तिचं ऐकतील.

---

तापीकाठ | २३ मार्च, रात्री १०.२०

केळीबागदादा, चौथं इंजेक्शन कधी? आम्ही सावद्याचे आहोत, वडिलांना किडनीच्या डॉक्टरकडे जळगावलाच न्यायचंय. तारीख जुळली तर माझ्याच गाडीने जाऊ. परतीला आप्पांच्या डोळ्यांत थेंब असतील, दोघं मागे बसून गप्पा मारतील.

---

केळीबाग | २३ मार्च, रात्री १०.४०

१८ एप्रिल, सकाळी ११ ची वेळ आहे. सावद्याच्या बसस्टँडवर साडेआठला उभे राहतो. आप्पा विचारताहेत, तुमच्या वडिलांची बाग मृगाची की कांदेबाग?